विश्लेषण : लाटव्हियातील ‘सल्ना’चे आपल्या ‘सर्दी’शी नाते काय?

मे महिन्यात लाटव्हियातील सफरचंदाच्या बागा फुलतात, तेव्हा बागायतदारांना धास्ती असते ती ‘सल्ना’ची. पिके गोठवणाऱ्या थंडीच्या या शब्दाचे नातेवाईक मराठीतही आहेत.

‘सल्ना’ म्हणजे काय?
लाटव्हियन भाषेत गोठवणाऱ्या थंडीसाठी वेगवेगळे शब्द आहेत. ‘सल्स’ म्हणजे शून्याखालची कडाक्याची थंडी. ‘सर्मा’ म्हणजे फांद्यांवर, तारांवर साचणारा पांढरा हिमकणांचा थर. ‘सल्ना’ याहून वेगळी. दिवस उबदार असतो, पण रात्री जमिनीलगतचे तापमान शून्याखाली घसरते. वसंत आणि शरद ऋतूत ती पडते.

तिची भीती का?
आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर रात्री जमीन झपाट्याने थंड होते. जड, गार हवा सखल भागात साचून राहते. पूर्ण उमललेल्या सफरचंदाच्या फुलांना उणे दोन अंशांच्या आसपासचे तापमानही बाधते आणि फूल करपले की त्या जागी फळ धरत नाही. म्हणून थंड प्रदेशांतील काही बागांत रात्रभर झाडांवर पाणी फवारतात. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते आणि बर्फाच्या आवरणातले फूल शून्याच्या जवळपास तग धरते.

हा शब्द आला कुठून?
‘सल्ना’ हा ‘सल्त’, म्हणजे गोठणे, या क्रियापदाच्या कुळातला. शेजारच्या लिथुआनियात तिला ‘शल्ना’ म्हणतात. लिथुआनियनमधील ‘श’चा लाटव्हियनमध्ये ‘स’ होतो. संस्कृत ‘शत’साठी लिथुआनियन ‘शिम्तास’, तर लाटव्हियन ‘सिम्त्स’. या दोन्ही बाल्टिक भाषा संस्कृत आणि फारसीप्रमाणेच इंडो-युरोपीय कुटुंबातल्या आहेत.

मराठीशी संबंध कोणता?
‘थंड’ या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूपासून ‘सल्ना’ आली, त्याच्याशीच भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘शिशिर’ आणि फारसी ‘सर्द’ जोडतात. तिकडचा ‘ल’ इकडे ‘र’ झाला. ‘शिशिर’ मराठीत संस्कृतातून आला, ‘सर्दी’ फारसीतून. म्हणजे ‘सल्ना’ मराठीने उसनी घेतलेली नाही आणि लाटव्हियननेही आपल्याकडून काही नेलेले नाही. हे तिन्ही शब्द एकाच घरातून निघालेली भावंडे आहेत. त्यांतला एक आपल्या ऋतूचे नाव झाला, दुसरा आपल्या आजाराचे आणि तिसऱ्यासाठी लाटव्हियातला बागायतदार मे महिन्यात रात्री तापमापक पाहत जागतो.