फिनेलचे रिंगण

हिवाळ्यातील एखाद्या निरभ्र रात्री धाराशिव जिल्ह्यातील ढोकीच्या परिसरात, उसाच्या फडांपासून दूर असा एखादा उघडा माळ गाठून मृग, रोहिणी, कृत्तिका पाहण्याचा बेत ठरू लागला की मंडळींपैकी एखादे वयोवृद्ध गृहस्थ घसा खाकरून हटकून एक सूचना करतात : सतरंजी अंथरण्यापूर्वी तिच्याभोवती फिनेलचे, आणि मिळाल्यास कार्बोलिक ॲसिडचे, रिंगण ओढावे, म्हणजे साप आत येत नाही. ही सूचना इतक्या निःशंक स्वरात केली जाते की, समस्त सर्पकुलाने त्या रेषेच्या अलीकडे आपले नसलेले पाऊल न टाकण्याचा करारनामा सरकारदरबारी रुजू केला असावा, असेच ऐकणाऱ्यास वाटावे. मी ही सूचना शिक्षकांच्या तोंडून ऐकली आहे, शेतकऱ्यांच्या ऐकली आहे, आणि ज्यांनी विज्ञानाची पदवी घेतली आहे अशा तरुणांच्याही ऐकली आहे. आणि दर खेपेस ती खोडून काढताना माझा संयम थोडा अधिक झिजला आहे.

फिनॉल, म्हणजेच कार्बोलिक ॲसिड, हे दाहक द्रव्य आहे, एवढाच या समजुतीतील सत्यांश. सापाच्या अंगावर ते ओतल्यास त्यास इजा होईल, आणि ओतणाऱ्याच्या हातावर सांडल्यास त्यासही होईल. परंतु मातीत शोषले गेलेले ते द्रव्य केवळ वासाच्या जोरावर कुंपणाचे काम करते, यास कसलाही आधार नाही. साप जिभेने गंधकण टिपतो आणि टाळूतील विशिष्ट इंद्रियाने त्यांची पारख करतो, हे खरे. पण गंध कळणे आणि गंधाला घाबरून मार्ग बदलणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. शंकेखोरांसाठी दाखला देतो : अमेरिकेतील दोन वन्यजीव-अभ्यासकांनी 1985 साली लोकांत रूढ असलेले असे अनेक उपाय, म्हणजे डांबराच्या गोळ्या, गंधक, चुना, मिरचीचा फवारा आणि दोराचे वेढेसुद्धा, तिकडच्या बिनविषारी सापांसमोर प्रत्यक्ष मांडून पाहिले, आणि सापांनी ते सर्व बिनदिक्कत ओलांडले.

यावर ठरलेले उत्तर येते : ‘आम्ही रिंगण ओढले आणि साप आला नाही.’ अहो, रिंगण न ओढताही तो बहुतेक रात्री आला नसताच! जो उघड्या माळावर क्वचितच फिरकतो, त्याच्या न येण्याचे श्रेय फिनेलच्या बाटलीस देणे म्हणजे पुराव्याविना निवाडा करणे होय. अशा रेषेचा खरा अपाय तिच्या निरुपयोगात नसून ती मनुष्यास निष्काळजी करते यात आहे. कारण रिंगणाच्या भरवशावर तो जमिनीवरच निजतो, आणि जमिनीवर निजणे हीच नेमकी टाळण्याजोगी गोष्ट आहे.

मण्यार निशाचर आहे, आणि तिचे दंश फार मोठ्या प्रमाणात भुईवर झोपलेल्यांनाच होतात. दंशाच्या जागी वेदना जवळजवळ नसते, सूजही बहुधा येत नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते, आणि घरची माणसे त्यास अपचन समजून ओवा देत बसतात. यावर उपाय आहे तो कोणत्याही कुळाला परवडणारा : बाज आणि मच्छरदाणी. नेपाळच्या आग्नेय भागात झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून स्पष्ट संरक्षण मिळत असल्याचे आढळले. मच्छरदाणीची कड अंथरुणाखाली नीट दाबावी, आणि उल्कावर्षाव पाहण्यासाठी पडून राहावयाचे असल्यास बाजेवर किंवा आरामखुर्चीवर पडावे. आकाश तेथूनही तेवढेच दिसते.

भीती अवास्तव नाही, हेही सांगितले पाहिजे. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, म्हणजे दरवर्षी सरासरी 58,000, असा अंदाज 2020 साली ‘ईलाइफ’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले, जेव्हा आमच्याकडे आकाशच ढगांनी व्यापलेले असते. तारे पाहणाऱ्यांस ऋतूने दिलेली ही सवलत आहे, परंतु ती पूर्ण माफी नव्हे. ढोकीला तेरणा साखर कारखान्यामुळे उसाची ओळख वेगळी करून द्यावयास नको. फडात उंदीर, उंदरांमागे साप, आणि तोडणी सुरू झाली की दोघेही बेघर. घोणस तर पाचटात निपचित पडून राहते आणि पावलांच्या कंपनाने दूर सरकेलच असे नाही. सबब काठी आपटीत चालण्याची प्रथा चांगली असली तरी तिच्यावर सर्व भिस्त ठेवू नये.

येथे माझ्या स्वतःच्या पंथाच्या लोकांसही दोन शब्द सुनावणे भाग आहे. काळोखास सरावलेली दृष्टी टिकावी म्हणून आकाशनिरीक्षक तांबडा दिवा वापरतात, आणि ते शास्त्रशुद्ध आहे, कारण अंधारात पाहणाऱ्या नेत्रपेशी तांबड्या प्रकाशास फारशा प्रतिसाद देत नाहीत. परंतु वाहनापासून दुर्बिणीपर्यंतची वाटही त्याच मिणमिणत्या तांबड्या उजेडात, चपला घालून चालण्याचा जो अट्टाहास आहे तो मला शुद्ध वेडगळपणाचा वाटतो. त्या उजेडात तपकिरी मातीवरील तपकिरी घोणस दिसणे दुरापास्त. वाट चालताना पांढरा, प्रखर विजेरीचा झोत आणि पायांत घोट्यापर्यंतचे बूट असावेत. दृष्टी पुन्हा सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतील, ती द्यावीत. ‘उजेडाने साप येतो’ ही समजूतही तितकीच अर्धवट : रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडे किडे येतात, किड्यांसाठी बेडूक, आणि बेडकांच्या मागावर क्वचित साप, विजेरीच्या क्षणिक झोताने यांतले काहीही घडत नाही.

आता वाघ. 2024 च्या डिसेंबरात येडशी-रामलिंगघाट अभयारण्यात वाघाचे छायाचित्र मिळाले, तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याकडून शेकडो किलोमीटर चालत आल्याचे निष्पन्न झाले, आणि या मुलखात रात्री बाहेर पडणे म्हणजे मरणास आमंत्रण, अशी हूल उठली. असा वाघ नव्या प्रदेशाच्या शोधात असतो, माणसाच्या नव्हे. तरीही वनखात्याने सावधगिरीची सूचना दिलेल्या परिसरात त्या काळात तारे पाहण्याचा हट्ट धरू नये, कारण मृग पुढल्या वर्षीही उगवणार आहे. बिबट्याविषयी जुन्नरचा धडा मोलाचा आहे : तेथे बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याचा उपाय योजला गेला, आणि त्यानंतर माणसांवरील हल्ले घटण्याऐवजी वाढले, असे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2011 सालच्या संशोधनात दिसून आले. गटाने बसावे, आपसांत बोलत राहावे, लहान मुलांस एकटे पाठवू नये आणि उसाच्या कडेला वाकून बसू नये, एवढा बंदोबस्त पुरे.

किरकोळ समजुती किरकोळीतच निकालात काढतो. अमावास्येस जनावर माजते म्हणतात. टांझानियात सिंहांचे हल्ले पौर्णिमेनंतरच्या काळोख्या रात्री वाढतात हे खरे, पण धाराशिव जिल्ह्यात सिंह नाहीत. शेकोटीने हिंस्र पशू पळतात असे धरून निजू नये, आणि धुराने तारे मात्र खात्रीने दिसेनासे होतात. साप डूख धरीत नाही. विंचू मंत्राने उतरत नाही. बहुतेक दंश आपोआपच शमतात म्हणून मांत्रिकाचे फावते, आणि जो लाल विंचू खरोखर जीव घेतो त्यावर प्राझोसिन हे औषध गुणकारी असल्याचे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले त्यास आता चार दशके होत आली. साप चावल्यास चिरा देऊ नये, दोरी करकचून आवळू नये, भगताकडे वेळ दवडू नये. अवयव स्थिर ठेवून, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून, प्रतिविष मिळेल असे सरकारी रुग्णालय गाठावे.

आणि ज्या प्राण्याविषयी मला आजवर एकानेही प्रश्न विचारला नाही, तो म्हणजे वस्तीवरचा मोकाट कुत्रा, जो या सर्वांपेक्षा माळावर भेटण्याचा संभव अधिक. त्याने ओरखडा जरी काढला तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना भरू नये, आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.