नेपाळचं दार फक्त काठमांडूत नाही

नेपाळला जायचं म्हणजे आधी विमानाने काठमांडू गाठायचं, असं आपल्याकडे धरूनच चालतात. खरं तर मुंबईहून कुशीनगर एक्स्प्रेस थेट गोरखपूरला जाते. तिथून सुनौलीची सीमा रस्त्याने शंभरेक किलोमीटर आणि पलीकडे तासाभरावर लुंबिनी. बुद्धांचं जन्मस्थळ, अशोकाचा स्तंभ, सारं राजधानीकडे न फिरकता पाहून होतं. महाराष्ट्रातले बौद्ध यात्रेकरू गोरखपूरमार्गे लुंबिनीला जातच असतात; सहलीच्या पत्रकांत मात्र अजून पशुपतिनाथापासूनच सुरुवात. पूर्वेकडे बिहारमधल्या जयनगरहून जनकपूरच्या जानकी मंदिराकडे जाणारी रेल्वेही 2022 मध्ये ब्रॉडगेजवर पुन्हा सुरू झाली.

दुसरा गैरसमज उंचीचा. ‘काठमांडूच्या पुढे नुसते डोंगर, आईबाबांना झेपणार नाही.’ काठमांडू स्वतःच सुमारे 1,300 ते 1,400 मीटरवर, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वराएवढं उंच आहे. पोखरा त्याहून खाली, साधारण 800 मीटरवर. तरी हवा स्वच्छ असेल तर 6,993 मीटरचं माछापुच्छ्रे तिथून समोर दिसतं. चितवन तर तराईतलं, सपाट गवताळ रानाचं. 1973 मध्ये स्थापन झालेलं हे नेपाळचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. 2021 च्या गणनेत देशातल्या 752 एकशिंगी गेंड्यांपैकी 694 इथेच आढळले. गेंडे पाहायचे तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जावं. उंच गवत कापून-जाळून झालेलं असतं. उंचीची धास्ती खरी ठरते ती मुक्तिनाथला, सुमारे 3,700 मीटरवर. तिथे घाई नको, वाटेत जोमसोमला एक मुक्काम हवाच.

रस्त्यांची भीतीही अगदीच खोटी नाही. पावसाळ्यात दरडी कोसळतात, वाहतूक तासन्‌तास अडकते. म्हणून सहल ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ठेवा, नेपाळवर काट मारू नका.

आता कागदपत्रं. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्टही सक्तीचा नाही. मतदार ओळखपत्र चालतं. यावरून ‘मग आधारही चालेल’ असं गृहीत धरणारे बरेच. आधारची मुभा आहे ती फक्त 15 वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टीपुढच्या ज्येष्ठांना. म्हणजे आजी-आजोबा आणि नातू आधारवर जातील, पण त्यांना घेऊन निघालेल्या मुला-सुनेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र काढूनच ठेवावं लागेल.