वेष्टनाचं पेटंट आणि जीपचं ओलं हाउसिंग

माझ्या सीजे-३बी जीपच्या मागच्या अ‍ॅक्सल हाउसिंगखाली रात्री पुठ्ठा सरकवून ठेवायची सवय मला कित्येक वर्षांची. सकाळी डाग कुठे पडलाय ते पाहायचं: चाकाजवळ, पिनियनच्या नाकाखाली, की मधल्या घुमटाच्या बगलेला. नव्वद नंबरच्या तेलाचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. पण डाग सांगतो तो फक्त तेल टपकल्याची जागा. फुटलं कुठे, ते दुसरीकडेच असू शकतं. चालत्या गाडीचा वारा तेल मागे ओढत नेतो.

गॅरेजमध्ये पहिलं उत्तर ठरलेलं असतं, सील बदला. मीही तीन वेळा बदलून घेतलं. नंतर हाउसिंगच्या नळीवरचा बोंडाएवढा ब्रीदर उघडला, तर तो चिखलाने ठार बुजलेला. घाट चढताना तेल तापतं, आतली हवा फुगते आणि वाट न मिळाल्याने सीलच्या ओठाखालून तेल बाहेर ढकलते. तीच तापलेली गाडी ओढ्यात उतरवली की उलटं घडतं: हवा आकसते, पाणी आत खेचलं जातं, तेल दुधाळ होतं. निर्दोष सील बदलण्यात आपण किती पैसे घालवतो!

हे सगळं शोधताना मला क्लॅरेन्स स्पायसर सापडला, आणि पुढचे कित्येक महिने मी त्याच्यातच अडकलो. १८७५ साली इलिनॉयमध्ये जन्मलेला हा माणूस कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना मोटारगाडी बनवायला बसला. त्या काळी चाकांपर्यंत ताकद पोचवायला बऱ्याच गाड्यांत साखळी असे. ती उघडी, धूळ खाणारी, सतत तेल मागणारी. त्याऐवजी त्याने शाफ्ट आणि युनिव्हर्सल जॉइंट घेतले. जॉइंट नवा नव्हता, कार्डानो आणि हूक यांची नावं त्याला आधीच चिकटलेली होती. १९ मे १९०३ रोजी स्पायसरला जे पेटंट मिळालं, क्रमांक ७२८३८३, ते युनिव्हर्सल जॉइंटच्या वेष्टनाचं! तेल आत राहावं, धूळ बाहेर राहावी. पुठ्ठ्यावरचा डाग बघत बसणाऱ्या माझ्यासारख्याला हा कागद वाचताना गहिवरून आलं.

पुढचं भराभर सांगतो. १९०४ मध्ये न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डला कारखाना, १९१४ मध्ये चार्ल्स डेना भागीदारीत, १९१९ मध्ये सॅलिसबरी अ‍ॅक्सल कंपनीची खरेदी. स्पायसर १९३९ मध्ये वारला. १९४६ मध्ये कंपनीला डेनाचं नाव लागलं. जीपवाले आजही अ‍ॅक्सलला ‘डेना ४४’ म्हणतात ते त्यामुळे. महिंद्रांनी विलीजच्या परवान्याने इथे बांधलेल्या जीपमधूनही याच घराण्याचे अ‍ॅक्सल आपल्या घाटांत फिरले.

सॅलिसबरी पद्धतीच्या हाउसिंगची रचना कळली की गळतीचं कोडं सुटायला लागतं. मधला ओतीव घुमट, त्याच्या दोन्ही मानांत दाबून बसवलेल्या पोलादी नळ्या, आणि मानेला पाडलेल्या भोकांतून भरलेलं वेल्डिंग. टोकाला चाकाचा शाफ्ट निमुळता, त्यावर चावी, खाचांचा नट आणि स्प्लिट पिन. आतलं सील तेलाला बेअरिंगपासून अडवतं, बाहेरचं सील ग्रीसला ब्रेकपासून. आतलं गेलं की तेल ग्रीस धुऊन नेतं आणि ब्रेकचे लायनर भिजतात. हब काढायला पुलरच हवा. शाफ्टच्या टोकावर घण घालणाऱ्याला मी गाडीजवळ उभं करत नाही, कारण तो घाव मधल्या ठोकळ्यातून पलीकडच्या बेअरिंगपर्यंत जातो.

सील, ब्रीदर, कव्हरचं पॅकिंग सगळं ठीक झाल्यावरही माझा डाग राहिलाच. मग हाउसिंग धुऊन, वाळवून त्यावर टाल्कम पावडर शिंपडली आणि पाच-सहा किलोमीटर फिरून आलो. पावडर आधी काळी पडली ती डाव्या मानेशी, नळीच्या सांध्यावर. तिथे गंजाची बारीक रेघही होती. म्हणजे नळी जागची हलली होती.

इथे जुन्या गाड्यावाल्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, आतून सीलंट लावा, ओतिवाला आच देऊ नका. नुसतं पाझरत असेल तर मलाही ते पटतं. पण नळी हलली असेल तर सीलंट म्हणजे फक्त डाग लपवणं. मी वेल्डिंगच्या बाजूने उभा राहिलो. क्राऊन-पिनियन, बेअरिंग, सील सगळं बाहेर काढलं. ओतिवात मुरलेलं तेल तापल्यावर घाम फुटावा तसं वर येतं. धूर थांबेपर्यंत मिस्त्रींनी मान तापवली आणि निकेलच्या रॉडने बोटभर टाके घातले, एक इकडे, एक समोरच्या बाजूला, नळी वाकू नये म्हणून. मग सगळं राखेत पुरून रात्रभर निवू दिलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही शाफ्ट नुसत्या हाताने आत गेले.