भुलीचे डॉक्टर आणि फुप्फुसाचे ऑपरेशन



घरात ऑपरेशन निघाले की आपण पहिले विचारतो, "सर्जन कोण?" भूल कोण देणार, हे सहसा कोणी विचारीत नाही. एक सुई टोचली नि झोप लागली, एवढीच आपली समजूत. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात मात्र रोगी कसा सावरतो, यात भुलीच्या डॉक्टरांचा वाटा मोठा असतो.

कॅन्सर झालेले अख्खे फुप्फुस एकाच ऑपरेशनात काढण्यात पहिले यश अमेरिकेत सेंट लुइस येथे डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम यांना १९३३ साली आले. पण हलत्या फुप्फुसावर काम करणे अवघडच. स्वीडनच्या डॉ. कार्लेन्स यांनी १९४९ साली दोन पोकळ्यांची नळी पुढे आणली. तिने एका बाजूची हवा बंद ठेवता येऊ लागली. आपण एका वाफ्याचे दार बंद करून पाणी दुसरीकडे वळवतो ना, तसेच हे!

मग सारी भिस्त एका फुप्फुसावर. हवा जास्त नि जोराने भरली तर तेही दुखावते, म्हणून बेताबेताने द्यायची. सलाइनही मोजूनमापून. जादा पाण्याने जमीन चोपण होते, हे आपणांस सांगायला नको. तसे जादा सलाइनने फुप्फुसात पाणी साठते.

खरी कसोटी पुढेच. छाती ठणकते म्हणून रोगी खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो, न्यूमोनिया गाठतो. त्यासाठी पाठीच्या कण्याजवळ बारीक नळीतून बधिरतेचे औषध देतात. दुखणे आटोक्यात आले की माणूस खोकून कफ काढतो, श्वासाचा व्यायाम करतो, लवकर चालू लागतो.

आपल्या हाती काय? विडी-सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद. वेळ कमी असेल तर आजच बंद. आणि लपवाछपवी नको. सून शेजारी उभी, म्हणून मामंजी सांगतात, "कधीच सोडली!" खिशात मात्र बंडल. दमा, साखर, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, हलणारा दात, सगळे सांगावे. डॉक्टर त्यावरच तयारी करतात.

डॉ. ग्रॅहम स्वतः सिगारेट ओढत. १९५७ साली ते फुप्फुसाच्या कॅन्सरनेच गेले. १९३३ सालचा त्यांचा तो रोगी मात्र तेव्हा हयात होता. एवढे ऐकून एका जरी सभासदाने बंडल फेकले, तरी आम्हांस हे लिहिल्याचे समाधान आहे.