कैरीला सुटलेले पाणी आणि करपलेली मिरची

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली एक चूक सांगतो. चूक माझीच होती. मे महिन्यात एका शेतकऱ्याला मिरचीच्या कोवळ्या रोपांना "युरिया द्या" एवढेच सांगून मी पुढच्या गावाला गेलो. किती द्यायचा, बुंध्यापासून किती लांब, ओल हवी की नको, हे सांगायचे राहिले. त्यांनी मूठमूठ युरिया बुंध्याशी टाकला. वीज नव्हती, म्हणून पाणीही दिले नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "रोपं करपली."

गेलो, तर रोपांनी माना टाकलेल्या. घरातल्या आजींनी विचारले, "साहेब, खत म्हणजे पिकाचं जेवण ना? मग जेवणानं कुणी मरतं का?"

ओसरीवर लोणच्यासाठी कैरीच्या फोडी मीठ लावून ठेवल्या होत्या. परातीत पाणी साचले होते. मी म्हणालो, "आजी, हे पाणी कुणी ओतलं?"

"ओतायचं कशाला? मिठानं सुटलंय."

मिरचीचेही तसेच झाले होते. ते समजायला पेशी समजली पाहिजे.

पेशी म्हणजे काय?

घर विटांचे, तसे झाड, जनावर, माणूस पेशींचे बनलेले असते. पण वीट निर्जीव. पेशी अन्न घेते, श्वसन करते, वाढते आणि एकीच्या दोन होतात. १६६५ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. ते मेलेले, रिकामे कप्पे होते. जिवंत पेशी रिकामी नसते. तिच्यात जीवद्रव्य असते आणि वाणाचे गुण सांभाळणारे केंद्रक असते.

झाडाची पेशी सायकलच्या चाकासारखी समजा. बाहेरची टणक भित्तिका म्हणजे टायर, आतले नाजूक पटल म्हणजे ट्यूब, आणि हवेच्या जागी पाणी. पाणी भरलेले असते तोवर पान ताठ उभे राहते. पाणी कमी झाले की पान लोंबते.

दारावरचा राखणदार

हे पटल मोठे चोखंदळ असते. पाण्याला वाट देते, पण विरघळलेल्या सगळ्याच पदार्थांना सहज सोडत नाही. पाणी मात्र पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते. याला परासरण म्हणतात. एरवी मुळाच्या पेशीतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून मूळ पाणी ओढून घेते. बुंध्याशी खताचा ढीग पडला की मातीतलेच पाणी दाट होते आणि उलट मुळातले पाणी बाहेर ओढले जाते. शिवाय युरियापासून जमिनीत अमोनिया तयार होतो. तोही कोवळ्या मुळांना जाचतो.

राखणदार जिवंत असेपर्यंतच राखण करतो. बीटाच्या फोडी स्वच्छ धुऊन एक गार पाण्यात, एक कढत पाण्यात टाकून पाहा. गार पाण्यात रंग थोडाच उतरतो. कढत पाण्याने पटल फाटते आणि पाणी लालभडक होते. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा.

मग करायचे काय?

खत माती परीक्षणानुसार, शिफारशीइतकेच आणि हप्त्याहप्त्याने द्या. बुंध्यापासून चार बोटे लांब टाकून मातीआड करा. जमिनीत ओल असतानाच द्या आणि वर हलके पाणी सोडा. चुकून जास्त पडलेच, तर दिसणारे खत उचलून घ्या आणि लगेच भरपूर पाणी द्या. पेशी जिवंत आहे तोवर ती पुन्हा पाणी भरून घेते. मेलेली पेशी मात्र परत उठत नाही.

त्या शेतात आम्ही तेच केले. काही रोपे दोन-तीन दिवसांत सावरली, बाकीच्या जागी नांगे भरावे लागले. आजी एवढेच म्हणाल्या, "म्हणजे मीठ लोणच्यात चालतं, मुळाशी नाही." तेव्हापासून खताचे नाव सांगितले की अंतर, माप आणि पाणी सांगितल्याशिवाय मी कुणाच्या बांधावरून हलत नाही.