लोण्याचे २७ थर
पॅरिसमधली 'ल कॉर्दाँ ब्लू' ही पाकशाळा १८९५ सालची. पेस्ट्रीच्या वर्गात आधी शेफ पदार्थ करून दाखवतात, विद्यार्थी भराभर टिपणं काढतात. मग ओट्यापाशी उभं राहून तोच पदार्थ स्वतः करायचा.

हाताची खरी कसोटी लागते क्रोसाँला. मैद्याच्या गोळ्यात थंड लोणी गुंडाळायचं, लाटायचं, तिहेरी घडी घालायची. तीन घड्यांत लोण्याचे २७ थर होतात. पफ पेस्ट्रीच्या सहा घड्यांत तब्बल ७२९! लोणी मऊ पडलं तर पिठात मुरतं, फार कडक राहिलं तर लाटताना तुटतं. म्हणून मधूनमधून गोळा फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. ओव्हनमध्ये लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तीच एकेक थर वर उचलते.

मुंबईच्या पूजा धिंग्रा याच शाळेत शिकल्या. २०१० मध्ये त्यांनी मुंबईत 'ले फिफ्टीन' हे पेस्ट्रीचं दुकान सुरू केलं. हे नाव पॅरिसच्या पंधराव्या विभागावरून आलं. मॅकरॉन ही त्यांची ओळख.

बदामाची पूड, साखर आणि अंड्यातला पांढरा बलक यांची ही चकती भाजण्याआधी वरून सुकावी लागते. मुंबईच्या पावसाळी हवेत नेमकं तेच अवघड. त्यामुळे पॅरिसमध्ये शिकलेली कृती इथलं हवामान पाहून पुन्हा बसवावी लागते.