मोटारसायकलीची निगा आणि बिघाडाचा शोध

खेड्यातील मोटारसायकल ही आता केवळ प्रवासाची वस्तू राहिलेली नाही. पहाटे दुधाचे कॅन संस्थेत पोचविणे, बाजाराच्या गावाहून बियाणे व खते आणणे, रात्री-अपरात्री विहिरीवरील पंप सुरू करण्यास जाणे, आजारी माणसास दवाखान्यात नेणे, अशी अनेक कामे तिच्यावर अवलंबून असतात. बैलाचे वैरण-पाणी चुकवून चालत नाही हे प्रत्येक शेतकरी जाणतो. परंतु त्याच शेतकऱ्याच्या दारातील मोटारसायकलीच्या साखळीस महिनोन् महिने वंगणाचा थेंबही मिळत नाही, असे पुष्कळदा दिसून येते. गाडी बंद पडली म्हणजे मग धावपळ सुरू होते, आणि तीही बहुधा चुकीच्या दिशेने.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेले एक उदाहरण येथे देतो. एका दूध-उत्पादकाची गाडी घरून व्यवस्थित निघे; परंतु तीन-चार किलोमीटर गेल्यावर गचके खाऊन बंद पडे. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू होई. त्याने प्रथम प्लग बदलला, नंतर बॅटरी बदलली, पुढे कार्बुरेटर दोन वेळा उघडून साफ करून घेतला. या खटाटोपात पंधरा दिवस गेले आणि दोन दिवसांचे दूध वाटेतच नासले. अखेरीस असे आढळून आले की, पावसाचे पाणी टाकीत जाऊ नये म्हणून त्याने स्वतःच टाकीच्या झाकणावर प्लास्टिकची पिशवी ताणून बांधली होती. झाकणास हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असते. टाकीतील पेट्रोल खाली उतरू लागले म्हणजे त्याची जागा घेण्यास वरून हवा यावी लागते. ती आली नाही, तर पेट्रोलाचा प्रवाह हळूहळू थांबतो. गाडी बंद पडताच एकदा झाकण उघडून पाहिले असते, तर आत हवा शिरल्याचा आवाज ऐकू आला असता आणि सारा खर्च वाचला असता. त्याने दोष शोधला नव्हता. केवळ अंदाज केले होते, आणि प्रत्येक अंदाजासाठी पैसे मोजले होते.

बिघाड शोधण्याचा क्रम

इंजिनास चालण्यासाठी पेट्रोल, हवा व ठिणगी या तीन गोष्टी लागतात, आणि आतील मिश्रण दाबले जाण्यासाठी सिलिंडर घट्ट असावा लागतो. गाडी सुरू होत नसेल, तर यांपैकी कोणती गोष्ट कमी पडते आहे एवढेच ठरवावयाचे असते. सर्वांत सोपी व बिनखर्चाची तपासणी प्रथम, आणि पाना हाती घेण्याची वेळ सर्वांत शेवटी, हा क्रम कधीही मोडू नये.

सुरुवातीस हँडलवरील लाल बटण पाहावे. इंजिन बंद करण्याचे हे बटण मुलांच्या खेळण्यात दाबले जाते आणि थोर माणसे त्यापायी अर्धा तास किका मारीत बसतात. काही नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असताना इंजिन सुरू होत नाही, तोही पाहावा. त्यानंतर टाकीत पेट्रोल आहे किंवा नाही हे गाडी हलवून, आवाजावरून ओळखावे. रात्रीच्या वेळी काडी पेटवून टाकीत डोकावणे हे प्राणावर बेतणारे आहे. विजेरीचा उपयोग करावा. पेट्रोलाचा कॉक बंद आहे काय, किंवा तो रिझर्व्हवर न्यावयास हवा काय, हे पाहावे.

यानंतर कार्बुरेटरपर्यंत पेट्रोल पोचते की नाही हे तपासावे. कार्बुरेटरच्या तळाशी एक लहान स्क्रू असतो. इंजिन थंड असताना त्याखाली बाटली धरून स्क्रू किंचित सैल केला म्हणजे पेट्रोल वाहू लागते. ते आले नाही, तर दोष कॉकमध्ये, नळीत किंवा झाकणाच्या छिद्रात आहे. पेट्रोलाबरोबर पाण्याचे थेंब बाटलीच्या तळाशी बसलेले दिसले, तर तेच बिघाडाचे कारण समजावे. सध्याच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसापासून व मक्यापासून होणारा हा पदार्थ शेतकऱ्याच्याच शेतातून आलेला असला, तरी त्यास पाण्याचे आकर्षण फार असते. टाकीत पाणी अधिक शिरले, तर इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलापासून वेगळे होतात आणि तळाशी, म्हणजे नेमके इंजिनाकडे जाणाऱ्या वाटेवर, जमा होतात. यास्तव पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर महिना-महिना उभी ठेवू नये. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या फुगल्या अथवा तडकल्या आहेत काय, हेही अधूनमधून पाहावे.

पेट्रोल पोचत असेल तर ठिणगीकडे वळावे. प्लगभोवतीची माती प्रथम फुंकून काढावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. प्लग काढून त्याच्या टोपीत बसवावा, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूस घट्ट टेकवावा व किक मारावी. निळसर, ठसठशीत ठिणगी दिसली पाहिजे. ही तपासणी करताना जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे, प्लगचा धातू उघड्या हाताने धरू नये व प्लगच्या छिद्रासमोर उभे राहू नये. प्लगचा रंगही पुष्कळ काही सांगतो. टोक विटकरी-तपकिरी असेल तर इंजिनाचे पोषण ठीक चालले आहे. कोरडी काजळी असेल तर हवा कमी व पेट्रोल जास्त होत आहे. हवेची गाळणी तुंबली आहे किंवा चोक ओढलेलाच राहिला आहे. टोक तेलाने ओले असेल तर इंजिन तेल जाळीत आहे व मिस्त्रीकडे जाणे आवश्यक आहे. टोक पांढुरके पडले असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन अति तापत असण्याचा संभव असतो. पेट्रोलाने भिजलेला प्लग मात्र वारंवार किका मारल्याने झालेला असतो. तो कोरडा करून, चोक बंद ठेवून, मूठ पूर्ण पिळून चार-सहा किका माराव्यात.

सेल्फचे बटण दाबल्यावर नुसते टकटक वाजले, अथवा हॉर्नचा आवाज बसलेला असला, तर इंजिनाकडे जाण्यापूर्वी बॅटरीची टोके पाहावीत. त्यांवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून, स्क्रू आवळावेत व वर थोडे व्हॅसलीन लावावे.

नव्या गाड्यांविषयी

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे प्रमाण लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बुरेटर जवळजवळ नाहीसा होऊन त्याजागी विजेवर चालणारी इंधन-फवारणीची यंत्रणा आली. खेड्यात दोन्ही प्रकारच्या गाड्या शेजारी-शेजारी उभ्या दिसतात, परंतु त्यांची परीक्षा सारखी नाही. नव्या गाडीची चावी फिरविताच टाकीतून दोन-तीन क्षण बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे. तो पेट्रोलाच्या पंपाचा आवाज होय. आवाज आला नाही तर प्रथम फ्यूज व बॅटरी पाहावी. हा पंप टाकीतील पेट्रोलानेच थंड राहतो, म्हणून पेट्रोल अगदी तळास जाईपर्यंत गाडी चालविण्याची सवय नव्या गाडीस महाग पडते. डॅशवरील इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा गाडी चालू असताना पेटून राहिला, तर तेथे घरगुती उपाय करीत न बसता मिस्त्रीस दाखवावे. वायरींचे जोड उगाच उपटून पाहिल्याने एका दोषाचे दोन होतात.

साखळी

चालकाच्या हातून होण्यासारखी निगा पाहिली, तर तीत साखळीइतके महत्त्वाचे आणि तिच्याइतके दुर्लक्षिलेले दुसरे अंग नाही. पाणंदीचा चिखल, रासायनिक खताची भुकटी व धूळ हे तिघे मिळून तिचा नाश करतात. खताची गोणी फाटून युरिया साखळीवर व रिमवर सांडला, तर तो त्याच दिवशी धुऊन काढावा.

साखळी तपासण्यासाठी इंजिन बंद करून, गाडी डबल स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये ठेवावी. इंजिन चालू ठेवून, चाक फिरत असताना साखळीस फडके लावण्याच्या प्रकारात बोटे तुटल्याची उदाहरणे थोडी नाहीत. हा आळस सर्वथा टाळावा. दोन्ही दातेरी चाकांच्या मधोमध साखळी बोटाने वर-खाली केली असता ती साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. चाक थोडे थोडे फिरवून चार ठिकाणी मोजावे, कारण साखळी सर्वत्र सारखी झिजत नाही. ताण जिथे सर्वांत अधिक असेल, तेथील माप धरावे. फार सैल साखळी उतरून चाकात अडकते आणि चाक जागीच धरले जाते. मागे बायको-मुले बसलेली असताना याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. फार ताणलेली साखळी बेअरिंग खाते. ताण देताना मागच्या आसाचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच फिरवावेत व खुणा जुळवून पाहाव्यात, नाहीतर चाक तिरपे बसते. चाक मागे सरकले म्हणजे मागच्या ब्रेकची दांडीही ताणली जाते. म्हणून साखळीनंतर ब्रेकच्या पायपट्टीची ढिलाई पुन्हा लावावी लागते. ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात आणि चाक घासत, तापत चालते.

साफसफाईस रॉकेल व जुना ब्रश पुरेसा आहे. पेट्रोल वापरू नये. कोरडी करून तिला नव्वद नंबरचे गिअर तेल थेंबाथेंबाने लावावे व जादा तेल पुसून टाकावे. जाड ग्रीस चोपडल्याने वरवर समाधान वाटते, पण त्यात धूळ रुतून सहाणेसारखे काम करते. साधारण पाचशे किलोमीटरला एकदा, आणि चिखलाच्या दिवसांत दर आठवड्यास हे करावे. जोडकडीची क्लिप बसविताना तिचे बंद तोंड साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेस असावे. दातेरी चाकाचे दाते आकड्यासारखे वाकलेले दिसू लागले, तर केवळ साखळी बदलून भागत नाही. तिन्ही वस्तू एकदम बदलाव्यात.

ब्रेक, टायर आणि ओझे

पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, असा समज अनेकांच्या मनात घट्ट बसलेला आहे. वस्तुतः थांबताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो व थांबविण्याचे मोठे काम तेच चाक करते. खडी, वाळू किंवा ओला चिखल नसेल, तेव्हा दोन्ही ब्रेक एकदम, परंतु झटका न देता, वाढत्या दाबाने लावावेत. ड्रम ब्रेकच्या बाहेर एक लहान दर्शक असतो. ब्रेक पूर्ण दाबला असता तो शेवटच्या खुणेवर पोचला, तर शू बदलण्याची वेळ झाली. ओढा ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी शिरते आणि ब्रेक धरेनासा होतो. अशा वेळी सावकाश चालवीत तो हलका हलका दाबून वाळवावा आणि मगच वेग घ्यावा.

टायरमधील हवेचा आकडा साखळीच्या आवरणावर किंवा पुस्तिकेत असतो, आणि एकट्यासाठी व मागे माणूस असताना मागच्या चाकाचा आकडा वेगवेगळा असतो. हवा टायर थंड असताना मोजावी.

ओझ्याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. चाळीस लिटरचा भरलेला कॅन रिकाम्या कॅनच्या वजनासह पन्नास किलोच्या आसपास भरतो. असे दोन कॅन व पासष्ट किलोचा चालक मिळून १६५ किलो होतात. शंभर-एकशेदहा सी.सी.च्या गाडीची वाहनक्षमता चालकासह साधारण १३० ते १५० किलो असते. आसाच्या मागे लोंबणारे ओझे पुढचे चाक हलके करते व हँडल डगमगू लागते. म्हणून ओझे शक्यतो पुढे व खाली असावे, आणि दोन कॅनांऐवजी दोन फेऱ्या बऱ्या. कॅन अडकविण्यासाठी मागच्या चाकावरील जाळी काढून टाकण्याची पद्धत तर फारच घातक आहे. मागे बसणाराचे वस्त्र चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही सांगितले आहे. लुगड्याचा पदर चाकात जाऊन झालेले अपघात आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत.

तेल व गाळणी

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि पुढे फोर-स्ट्रोक गाड्या खेडोपाडी पोचल्या. त्यापूर्वी राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलातच तेल मिसळावे लागे. ती जुनी सवय काही घरांत अद्याप शिल्लक आहे. फोर-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलात तेल घातल्याने इंजिनास वंगण मिळत नाही. धूर व काजळी मात्र होते. इंजिनाचे तेल निराळे असते व ते सहसा लिटरभरच असते, म्हणून थोडे कमी झाले तरी इंजिन धोक्यात येते. सपाट जागी गाडी डबल स्टँडवर उभी करून, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, थोडे थांबून पट्टीवर पातळी पाहावी. पट्टी आटे फिरवून मोजावी की नुसती टेकवून, हे पुस्तिकेत पाहावे. मोटारीचे तेल स्वस्त मिळाले म्हणून मोटारसायकलीत घालू नये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि तो घसरू लागतो: इंजिन गर्जते, गाडी मात्र पुढे सरकत नाही. अर्थात क्लचच्या दांड्यास सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर ढिलाई नसली तरी हेच लक्षण दिसते, तेव्हा प्रथम ती पाहावी.

हवेच्या गाळणीत स्पंजाची व कागदाची असे प्रकार आहेत. स्पंज रॉकेलात धुऊन, न पिळवटता दाबून, तेलाचा हलका हात देऊन बसवावा. तेलकट कागदाची गाळणी धुवू नये व तीत हवाही मारू नये; ती मुदत संपताच बदलावी. मळणीच्या दिवसांत धूळ अधिक असल्याने ही मुदत पुस्तिकेतील आकड्याच्या आतच संपते.

काढलेले जुने तेल विहिरीजवळ, बांधावर किंवा ओढ्यात ओतू नये. झाकणाच्या डब्यात साठवून ते तालुक्याच्या गॅरेजात द्यावे. तेथून ते शुद्धीकरणासाठी गोळा केले जाते.